गवताखालचा गाळ

मुशीच्या तळाशी राख होती, विटकरी रंगाची, चिमटीत मावेल एवढी. सुचितानं मूस डोळ्यांजवळ नेली, फुंकर मारायचा मोह आवरला — एका फुंकरीत सहा महिन्यांची मेहनत उडाली असती — आणि चिमट्यानं ती तराजूवर ठेवली. आकडे डळमळले, थांबले. पहिल्या संचातली ही शेवटची मूस; सरासरी धरून शंभरातले नऊ भाग जळून गेले होते. नऊ! बुलढाण्याच्या कॉलेजातल्या त्या कळकट प्रयोगशाळेत तिला नाचावंसं वाटलं, आणि कुणी बघत नाही याची खात्री करून ती खरोखरच दोन पावलं नाचली.

भट्टीत जळतं ते गवताचं धन. समुद्राच्या तळाशी उगवणारं गवत हवेतून पाण्यात उतरलेला कार्बन ओढून घेतं आणि मुळांखालच्या गाळात पुरून ठेवतं, थरावर थर, शेकडो वर्षं. जितकं जळालं तितका साठा मोठा. हा झाला जिवंत गवताखालचा गाळ. पण तमिळनाडूच्या ज्या खाडीतून तो आणला, तिथंच दोन उन्हाळे लागोपाठ पाणी तापलं आणि अर्धं कुरण करपून गेलं… मग गवताबरोबर गाळातला साठाही गेला का? एवढाच तिचा प्रश्न. मंगळवारी तिच्या मार्गदर्शक सरांना उत्तर हवं होतं, आणि त्या किनाऱ्यावर पुन्हा जायची सोय नव्हती.

उत्तर तिच्या मते ठरलेलंच होतं. तीन निघणार. फार तर चार. खाली कोसळणारा आलेख तिनं मनात काढून ठेवला होता, लाल रंगात. शोधनिबंधाचं नाव ठरलं होतं, परिषदेतल्या भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसलाच प्रकार. दुसरा संच, करपलेल्या भागातल्या गाळाचे बारा थर, घरी गच्चीवर बारा कागदांवर वाळत होता — कॉलेजातली सुकवायची पेटी बंद, पण मे महिन्यातल्या देऊळघाटच्या उन्हापुढे पेटीची काय मातब्बरी! तो आणायला तिनं स्कूटी काढली.

रस्ताभर ती स्वतःशीच बोलत होती. सोयाबीन-कपाशीत वाढलेली मी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेविसाव्या वर्षी, आणि त्यात डोकं बुडवलं तर खाली काय — वावर! हिरवंगार, वाऱ्याला लागलेल्या गव्हासारखं एका अंगाला झुकणारं… पाण्याखाली ती हसली होती आणि नाकातोंडात खारं पाणी गेलं होतं. नऊ, नऊ, नऊ, असा स्कूटीनंच ठेका धरला होता जणू. फाट्यावरचा गतिरोधक तिला दिसलाच नाही.

गच्चीवर तिचे वडील रंगराव उकिडवे बसले होते. त्यांच्या पुढ्यात धुतलेलं पोतं, पोत्यावर गाळाचा एकच ढीग, ढिगावर बोटानं काढलेली फुली. बारा आकडे घातलेले बारा कागद कोपऱ्यात नीट घडी करून, वर वीट ठेवून.

"तुही माती तयार करून ठेवली म्या," ते म्हणाले. "मिसळली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन फेकून देले. सतरा वर्सं झाले, वावरातली माती तपासाले अशीच नेऊन राह्यलो."

तिनं वीट सारून कागद उलगडले; बाराही रिकामे. "बाबा, हे काऊन केलं? ते थर होते! वरचा आताचा, खालचा आजोबाच्याबी आधीचा… कोणता कुठचा, आता कसं समजन?"

रंगरावांचा हात हवेतच थांबला. तिला ओरडायचं होतं, रडायचं होतं, आणि त्यांच्या बोटांना लागलेला तो काळा गाळ बघून दोन्ही जमेना.

त्यांनी बोटं पोत्याच्या कडेला पुसली. मग हळूच म्हणाले, "थर गेले, हाव. चुकलं माह्यं. पण अख्खं वावर कसं हाय, ते तं समजन ना? चिमटीत सारं वावर यावं म्हणूनच तं मिसळतेत."

सुचिता ढिगाकडे बघत राहिली. सगळे थर सारख्याच जाडीचे, म्हणजे मिसळ प्रामाणिक, पहिल्या संचाच्या सरासरीशी ताडण्याजोगी. फेकलं तेही नियमानं. साठा कोणत्या काळातला ते कधीच कळणार नव्हतं. साठा आहे की गेला, हे मात्र या अर्ध्या ढिगात अजून शाबूत होतं. सरांना मिसळ झाल्याचं सांगावं लागेल. सांगेन. तिनं पोत्याची टोकं जुळवायला घेतली.

"काय निंगावं वाटते तुले?" रंगरावांनी विचारलं.

"तीन," ती पटकन बोलून गेली. "लय कमी."

"कमी?" ते गोंधळले. "काऊन वं? गवत मेलं तं मेलं, जमिनीत काही राह्यलंच असन ना?"

तिला करपलेल्या अर्ध्या कुरणावर पहिल्यांदा पोहत गेली तेव्हाचं आठवलं — खाली उघडा गाळ, कुजकी मुळं, आणि आपल्या मनात आलेला पहिला विचार… बरं झालं. तुलनेला बरं झालं. तिला स्वतःची लाज वाटली, सपाटून. पीक बुडालेल्या वावराच्या बांधावर उभं राहून असं कुणी म्हणालं असतं, तर बाबांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

दुपारी दोन वाजता प्रयोगशाळेतल्या भट्टीचं दार लागलं. आकडे चढू लागले, दोनशे अंश, तीनशे… चार तास बाहेर चहाला जाता आलं असतं, पण ती स्टुलावरून हलली नाही. लाल आलेख आठवायचा प्रयत्न केला, तो आठवेचना. तीन निघाले तर निबंध. आठ निघाले तर… तर मेलेल्या गवताची मुळं गाळ अजून धरून आहेत, तर कुरण वाचवायला वेळ आहे. उत्साह तोच होता, सकाळचाच. फक्त त्याचं तोंड फिरलं होतं, आणि भट्टीच्या तापलेल्या दाराकडे बघत, ओठ न हलवता, ती म्हणत होती — जळू दे, भरपूर जळू दे.