अठ्ठावीस अंश

गेटासमोरची हिरवळ पाहून कस्तुराबाईंचे पाय जागीच खिळले. चाकणच्या त्या कंपनीत अकरा वर्षं त्यांनी ते गवत लेकरासारखं जपलं होतं. चार दिवसांत त्याचा पार चहाचा चोथा झाला होता. आणि दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच आपल्या हाताने फवारून ते जाळलं होतं.

खरं सांगायचं तर तणनाशक कधी मारावं, हे त्यांच्याइतकं त्या कंपनीत कुणालाच कळत नव्हतं. ज्यांना कळत नव्हतं, सहीशिक्के मात्र त्यांच्याच हातात होते. पावसाळा सरला, तण कोवळं असलं की मारायचं. उन्हाळ्यात वेळ आलीच, तर सकाळी सातच्या आत, पारा तिसाच्या खाली असताना. त्यावर गेला की औषध तण आणि गवत असा भेद करत नाही, दोघांनाही घेऊन जातं. पण ऑफिसच्या दिग्विजयसाहेबांना हे कोण सांगणार? सकाळी स्टाफच्या बस येतात, वास मारतो, म्हणून त्यांनी फवारणी ठेवली भर एप्रिलात, दुपारी एक वाजता.

"साहेब, ऊन लई हाय. गवत जळंल."

"मावशी, पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत. एक तण दिसता कामा नये."

बाईंनी मुकाट्याने पंप पाठीला लावला.

हीच त्यांची चूक, असं कुणालाही वाटेल. पण खरी चूक एक तारखेलाच होऊन बसली होती. फवारणीच्या तक्त्यात रोजचं तापमान लिहायचं असे, आणि ते तिसाच्या खाली असलं तरच पंप उचलायचा, असा नियम. बाईंचा एकुलता एक मुलगा बुद्धभूषण त्याच कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या शेडला होता. त्यानेच आईला शहाणं केलं होतं. "आई, रोज कुठं लिवत बसतीस? एक तारखेला समदा महिना भरून टाक. आमच्याकडं बी असंच असतंय." बाईंनी एका बैठकीत तीस वेळा अठ्ठावीस लिहिलं. अक्षर चांगलं आलं म्हणून खूशही झाल्या होत्या!

आज वीस तारीख. प्लांटचे मोठे साहेब, नानासाहेब, यांच्या केबिनमध्ये बाईंना बोलावणं आलं. दिग्विजयसाहेबांनी तोच तक्ता टेबलावर पसरला.

"औषध बरोबर, प्रमाण बरोबर, तापमान अठ्ठावीस. म्हणजे गवतच कुचकामी, सर. उपटून प्लास्टिकचं टाकू. मावशींची काही चूक नाही यात."

नोकरी वाचली होती. फक्त तोंड मिटून उभं राहायचं, एवढंच काम होतं. पण सकाळीच बाईंनी खुरप्याने माती उकरून पाहिली होती. मुळं पांढरीशुभ्र होती, जिवंत होती. ती उपटून तिथे प्लास्टिक घालणार होते.

"साहेब, त्यो आकडा खोटा हाय," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी चाळीस होतं. म्या एक तारखेलाच लिवून ठिवलंय. मला काढायचं तर काढा. पन मुळं जित्ती हायत, पानी दिलं तर जूनपातूर फुटंल. उपटू नका."

दिग्विजयसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. नानासाहेब ओरडले नाहीत. त्यांनी तक्ता जवळ ओढला आणि एकवीसपासून तीसपर्यंतच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. ते दिवस अजून उजाडायचे होते.

"हे असं आधीच भरायला कुणी शिकवलं?"

बाईंनी स्वतःची नोकरी पणाला लावली होती, पोराची नव्हे.

"कुनी न्हाई, साहेब."

"यांचा मुलगा पेंट शॉपला आहे, सर," दिग्विजयसाहेब म्हणाले. तेवढ्यात त्यांनी उट्टं काढून घेतलं.

नानासाहेबांनी फोन करून पेंट शॉपचा तक्ता मागवला. रंगात मिसळायच्या थिनरचा वायू आत किती साठला, ते दर दोन तासांनी मीटरने मोजून त्यावर लिहायचं असे. वायू वाढला की एका ठिणगीने शेड पेटावी, म्हणून ही मोजणी. तक्ता आला. तीस तारखेपर्यंत शून्य, शून्य, शून्य. खाली बुद्धभूषणची सही.

"मीटर कुठंय?" नानासाहेबांनी तक्ता आणणाऱ्या सुपरवायझरला विचारलं.

"कपाटात, सर. सेल गेलेत."

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून."

बाईंना क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला. अठ्ठावीस लिहून गवत गेलं होतं. शून्य लिहून काय जाईल? आणि बुद्धभूषणची तर आज पहिली शिफ्ट होती. तो या घडीला आतच होता.

नानासाहेब भोंग्यासाठी फोन उचलेपर्यंत बाई पायऱ्या उतरून धावत सुटल्या होत्या.

भोंगा वाजला. माणसं हसतखिदळत शेडबाहेर आली, कुणी शिट्ट्या मारत, कुणी तंबाखू मळत. मास्क हनुवटीखाली ओढून बुद्धभूषणही आला.

"आई, तू हितं कशी? ड्रिल हाय का गं?"

बाईंनी दोनशे माणसांदेखत त्याच्या कानशिलात लगावली. तो गाल धरून बघत राहिला. मग त्यांनी त्याची कॉलर दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याच्या अंगाला थिनरचा वास मारत होता.

"आज तारीख किती?"

"वीस."

"मंग तीस तारखेपातूर तू जित्ता हाईस, हे आदीच कुनाला इचारून लिवलंस रं?"