सोळा संगणकांतला गळा

"काहून वं पोरी, माह्या गळ्यात येवढं का पाहून राहिली? मोत्याची माळ सापडली त मले देजो!"

वच्छलाबाईच्या बोलण्यावर संगणकांच्या प्रयोगशाळेत हशा पिकला. संगणक विभागातली उज्माही हसली, पण नजर पडद्यावरून हलली नाही. वच्छलाबाई अमरावतीच्या या कॉलेजच्या फाटकाशी वांगी-मेथी विकायची. कापसानं घरं मोडली त्या वर्षांत नांदगाव पेठेतलं तिचं घर त्या टोपलीनंच उभं ठेवलं होतं. आता तिच्या मानेत गाठ होती. ती मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली असेल तर ऑपरेशनला हात लावणार नाही, असं तिच्यासोबत आलेल्या डॉक्टर मोहसीननं स्पष्टच सांगितलं होतं. आणि स्कॅनच्या शेकडो सपाट चकत्यांवरून ते काही ठरेना.

त्या चकत्या रचून अख्खा गळा उभा करायचा, तर एकट्या संगणकाचा दम उखडायचा. म्हणून उज्मानं कॉलेजचे नवे-जुने सोळा संगणक तारांनी जोडले आणि प्रत्येकाला गळ्याचा एकेक तुकडा वाटून दिला.

चित्र उमटलं. लाल वाहिनी थेट गाठीत घुसलेली. मोहसीननं मान खाली घातली.

"सांगून टाका डाक्टर. मी का लेकरू हाओ?" वच्छलाबाई म्हणाली.

उज्मा पाहतच राहिली. वाहिनी मध्येच तुटून पुढे उडी मारत होती. जित्या माणसाचं रक्त असं उड्या मारतं होय? आणि लख्खकन तिला उमगलं. जो तुकडा उशिरा येईल तो आधीच्यावर ठेवला जात होता. जुना संगणक रेंगाळला, आणि त्याच्याकडचं मागचं सगळं पुढे येऊन बसलं.

"मावशी, थांबा! खोट तुमच्या गळ्यात नाई, माह्या पंगतीत हाय. जो आला तो बसला! आता एकेकाले जागेवर बसवते."

तिनं हुकूम बदलला : शेवटचा येईस्तोवर सगळ्यांनी थांबायचं, मग मागून पुढे, ओळीनं मांडायचं. कोपऱ्यातला सगळ्यांत जुना संगणक घरघरला. सारे त्याच्यासाठी श्वास रोखून उभे.

गळा पुन्हा उमटला. वाहिनी अखंड, एका बाजूनं डौलात वर गेलेली. गाठ वेगळी. मध्ये बारीक काळी रेघ.

"अवं, हा त धुरा हाय!" वच्छलाबाई ओरडली. "दोन वावरांच्या मंधातला धुरा!"

"रास्ता है, मावशी!" मोहसीननं टाळीच वाजवली. "सोमवारी ऑपरेशन करू. इथंच, अमरावतीत."

उज्मानं तो गळा सावकाश फिरवला. वच्छलाबाईनं स्वतःला चहूबाजूंनी पाहून घेतलं. मग ती उठली. कित्येक महिने मानेभोवती गुंडाळलेला पदर तिनं सोडवला, खांद्यावर टाकला.

"चालली मी. मेथी सुकून राहिली."

बाहेर टळटळीत ऊन होतं. ते तिच्या उघड्या मानेवर पडलं, गाठीवरही पडलं.