पुलाची उत्तरपूजा

हितेंद्रचा हिशेब सरळ होता. परळचा तो पोलादी पूल एकदा रिकामा मिळाला, की प्रदर्शनातली दारासमोरची भिंत त्याची. आणि भिंत त्याची झाली, की हौशी फोटोग्राफरांच्या क्लबात जयवंतचं नाक खाली. जयवंत पुलाबरोबर माणसंही टिपायचा, कठड्यावर वाळत घातलेल्या साड्यासुद्धा. हितेंद्र गिरगावातला, पिढीजात वकील. त्याचं व्रत कडक. जुन्या हमरस्त्यांवरचे पोलादी पूल, आणि चौकटीत माणूस नाही. पुणे रस्त्यावरचे झाले होते. आग्रा रोडच्या वाटेवरचा एवढाच उरला होता, आणि सोमवारपासून तो पाडायला घेणार होते.

वाहतूक बंदच होती. पायी येणाऱ्यांना थोपवायला त्याने लगतच्या चाळीतल्या मंडळाच्या धनेशला गाठलं. 'रविवारी सकाळी जरा पूल मोकळा ठेव' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण वकिलाची जीभ ती, फीशिवायही चालते. "तुमचा पूल अजरामर करतो," म्हणाला.

"टेन्शन नको, सर," धनेश म्हणाला. "मंडळ आहे ना."

मंडळ होतंच. रविवारी हितेंद्र पोचला तर कमानींना झेंडूची तोरणं, रिव्हेटांना हळदकुंकू, मधोमध चौरंगावर नारळ. वर फलक, 'भावपूर्ण निरोप', आणि त्याखाली छापलेला गॉगलवाला धनेश, पुलापेक्षा थोडाच लहान. सगळी चाळ नटूनथटून उभी.

"हे काय रे?"

"उत्तरपूजा. गणपती हलवायच्या आधी करतो ना, तशी. एवढी वर्षं सेवा घेतली त्याची, असाच कसा जाऊ देणार?"

"मला रिकामा पाहिजे."

"रिकामा काय, सर, उद्यापासून रिकामाच आहे."

मागे हशा पिकला. तेवढ्यात शांताबाई पुढे आल्या. एकेकाळच्या मिल कामगार. आज ठेवणीतली नथ घालून आलेल्या.

"झिला, आमी दोघां रोज ह्या पुलावरसून मिलीत जावंव. एकव फोटो नाय. आता ते नाय, नि पूलव उद्या नाय. माझो तरी काढ."

हितेंद्रने सूर्याकडे पाहिलं. ऊन वर चढत होतं. त्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं, शांताबाईंना मधे घेतलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि "झालं" म्हणाला. कॅमेरा बंद होता.

"कॉपी कधी, सर?"

"प्रदर्शनातच बघा."

लोकं खूश. त्यांनीच तोरणं उतरवली, फलक गुंडाळला, हळदकुंकू पुसलं. निघताना शांताबाईंनी कठड्याच्या एका बोल्टला झेंडूचं फूल अडकवलं आणि हात जोडले. हितेंद्रने रिकामा पूल टिपला, पण ते फूल त्याला दिसलं नाही. दिसलं तेव्हा फोटो भिंतीएवढा छापून आला होता आणि पूल उरला नव्हता.

दादरच्या दालनात उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांची नजर फोटोतले गर्डर ओलांडून थेट त्या फुलापाशी थबकली. हितेंद्रने माफीची दोन वाक्यं तयार ठेवली होती.

"माणूस नाही, पण माणसाचा हात आहे," पाहुणे म्हणाले. "तुम्हीच लावलंत?"

वकिलाने अशील बदलायला क्षण लावला नाही. "हो," म्हणाला. "फार विचार करून."

मागे धनेश अख्खी चाळ घेऊन आला होता. शांताबाई नथ सावरत एकेका भिंतीसमोर जाऊन आल्या.

"आमी खंय आसंव, झिला?"

"तो संच वेगळा आहे, आजी. पुढच्या वेळी."

शांताबाईंनी फोटोकडे पाहिलं. "ता फूल माझा," त्या म्हणाल्या. टाळ्या चालू होत्या. ऐकलं फक्त जयवंतने, आणि तोही दारासमोरची भिंत गेल्याच्या दुःखात होता.

तर भिंत हितेंद्रची, टाळ्या हितेंद्रच्या. पूल भंगारात. नथ परत डबीत. फूल शांताबाईंचं, आणि कधी निघालाच नाही तो फोटोही त्यांचाच.