नव्व्याण्णवांचं काय?

पिंगळी स्टेशनापासून कोसभरावर मिशनची मुलींची शाळा होती. निजामाच्या सरकारी शाळांत उर्दूचा दरारा. इथं मात्र मराठीत शिकवायचे आणि येईल तिला घ्यायचे. "आपलं दार सगळ्यांना उघडं आहे," असं हेडमास्तर दिनकरराव प्रत्येक पाहुण्याला सांगत. तिथं अकरा वर्षं शिकवणाऱ्या सुगंधाबाईंनाही ते खरंच वाटे.

एके सकाळी त्या ख्रिस्ती शास्त्रातला हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगत होत्या. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तेव्हा मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघाला. तेवढ्यात मागून आवाज आला, "असं कुणी करंल का?"

सगळा वर्ग वळला. बोलली होती बायना, धनगराची पोर. सहा महिन्यांत 'हजर'खेरीज तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"का गं?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"नव्व्याण्णवांचं काय? लांडगा टपूनच असतोय."

मुली फिदीफिदी हसल्या. दारावरून जाणारे दिनकरराव थांबले आणि उलट बोलली म्हणून त्यांनी बायनाला तास संपेपर्यंत उभं केलं.

सुगंधाबाईंना मात्र चैन पडेना. हा प्रश्न अकरा वर्षांत त्यांना कधी पडला नव्हता. खरंच, धनगर करतात तरी काय?

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या बायनाबरोबर धनगरांच्या तळावर गेल्या. एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. बायनाची आई कासाबाई लोकर कातत होती. तिनं पाणी दिलं, पण वरून, ओंजळीत. सुगंधाबाईंचे आजोबा गावकुसाबाहेरचे. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या तरी लोक ते विसरले नव्हते. तो सल गिळून त्यांनी आपला प्रश्न विचारला.

कासाबाई हसली. "बायना खरं बोलली. एकटा माणूस कळप सोडून जाईलच कसा? शेजारचं बिऱ्हाड राखण करतंय, तवा एक जण जातो."

"आणि जाऊन हाका मारतो?"

"हाकंला ओ देत न्हाई ते. भिऊन झुडपात मुकं बसतंय. म्हणून त्याच्या सोबतचं एक मेंढरू संगं न्यायचं. ते ओरडलं की हरवलेलं बोलतंय."

मागच्या रांगेत एकटी बसणारी बायना सुगंधाबाईंच्या डोळ्यांपुढं आली.

"हे आमच्या मुलींना येऊन सांगाल?"

"मी? अंगठा उठवणारी बाई काय सांगणार?"

"मला येत नाही, म्हणूनच विचारतेय."

दिनकरराव आधी बिथरले. "धनगरीण आता आपल्याला शास्त्र शिकवणार?"

"शास्त्र नाही, मेंढरं," सुगंधाबाई म्हणाल्या. "भजनात रोज मेंढरं येतात, मास्तर. पण आपण मेंढपाळाला कधी काही विचारलंय का?"

दिनकररावांनी एक तास दिला.

बुधवारी कासाबाई काखेत कोकरू घेऊन आली. लांडगा कोणत्या बाजूनं येतो, आईला आपलं पिलू कसं ओळखू येतं, सगळं तिनं सांगितलं. बोलून बोलून तिचा घसा कोरडा पडला. एका मुलीनं सगळ्यांच्या मडक्यातून पेला भरून पुढं धरला. कासाबाईचा हात अर्ध्यावर थांबला.

"नगं, बाळा."

मग मागून बायना म्हणाली, "आये, मी रोज ह्याच मडक्यातलं पिते."

कासाबाईनं लेकीकडं बघितलं, मडक्याकडं बघितलं, आणि कोकरू उचलून निघून गेली. सुगंधाबाईंना वाटलं, आता बायनाही शाळेतून गेली.

दोन दिवस बायना आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती चुलत बहिणीचा हात धरून.

"आय म्हणली, एकटी जाऊ नगं. हिला बी घिऊन जा."

दोघी दुसऱ्या रांगेत बसल्या. पहिल्याच तासाला त्यांची इतकी कुजबुज चालली, की सुगंधाबाईंना हसू दाबून रागवावं लागलं.

शाळेतलं पाणी प्यायला कासाबाईनं पुढं दोन उन्हाळे घेतले. पण तळ हलायच्या आधी ती दरसाल एकदा वर्गात येऊन बसायची, आणि मुली तिला एवढं विचारायच्या, की सुट्टीची घंटा दिनकररावांना दोनदा द्यावी लागे.