माझी येडी बाजू

मित्रांनो, मी एक जुना चेनचा ट्रॅक्टर आहे आणि एका जागी उभे राहणे माझ्या स्वभावातच नाही. चाकांऐवजी मला दोन लोखंडी पट्टे आहेत. डावा दांडा ओढला की डावा पट्टा थांबतो आणि मी डावीकडे वळतो. उजवा ओढला की उजवीकडे. एवढेच माझे शहाणपण. मला वाचता येत नाही, पण ऐकू सगळे येते. त्यानेच तर जीव नुसता वरखाली होत असतो!

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. काही वर्षे लष्करात काढली. मग मला लिलावात काढले आणि महादेवप्पा ठेकेदारांनी मालगाडीत घालून सोलापूरला आणले. टेंभुर्णीपासून वैरागपर्यंत मी किती बांध घातले आणि किती तळी खोदली, याची गणतीच नाही. दुष्काळाच्या साली तर माझे इंजिन थंड व्हायला सवड नसे. गावोगावच्या बायका माझ्या कपाळाला कुंकू लावत. "हत्तीच हाय की वो ह्यो!" असे लोक म्हणत. मी खोटे कशाला बोलू, मी फुगलो होतो.

चौऱ्याहत्तर साली माझी डावी बाजू रुसली. डावा दांडा कितीही ओढला तरी मी आपला सरळच जायचो. वैरागजवळचे तळे अर्धे सोडून मला भवानी पेठेतल्या शेडमध्ये ओढून आणले आणि लाकडी ओंडक्यांवर चढवले. महादेवप्पा कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभे राहिले.

"सोमवारी ह्यो आपल्या पायानं गेटातनं भाईर पडला तर वैरागला जाईल. न्हाय पडला तर तोडून भंगारात घालतो. लई दिवस पोसलं."

शेडच्या गेटातून बाहेर पडले की उजवीकडे भिंत होती आणि रस्ता डावीकडे होता. म्हणजे डावीकडे वळणे हाच माझ्या जगण्यामरण्याचा प्रश्न झाला. 

मला दुरुस्त करायला गुरप्पा मिस्त्री आले. ते अक्कलकोटकडचे. घरात कन्नड बोलत, बाहेर मराठी, आणि गंजलेल्या नटाला दोन्ही भाषांत शिव्या देत. माझे दुरुस्तीचे पुस्तक केव्हाच हरवले होते. त्यामुळे ते प्रत्येक भाग रॉकेलने पुसत आणि त्यावर खडू घासत. मग लोखंडात ओतलेला नंबर पांढरा होऊन वर येई. माझ्या आत क्लच मोकळा करणारे दोन फोर्क आहेत, म्हणजे दोन बोटांचे चिमटेच. दिसायला जुळे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

"उजव्याचा आकडा दोनवर सपतो, डाव्याचा तीनवर. ध्यानात ठेवा, हरिदासराव," गुरप्पा म्हणाले.

हरिदास शेडचा स्टोअरकीपर होता. अक्षर मोत्यासारखे, काम चोख, आणि कन्नडचा एक शब्द येत नव्हता.

गंज सोडला तर भाग चांगले होते. गुरप्पांनी ते दोन गोणपाटांवर मांडले आणि प्रत्येकावर खडूने, मराठी अक्षरांत, एक शब्द लिहिला. मग नातवाच्या बारशासाठी ते गावी गेले. "शनवारी येतो," म्हणाले.

शुक्रवारी महादेवप्पांचा निरोप आला, शेड साफ करा, खराब माल भंगारात घाला. हरिदास गोणपाटांजवळ आला आणि मोठ्याने वाचू लागला.

"बल. बल. ह्ये बी बल. म्हंजे बळकट माल हाय. आन् हिकडं? येड. समदंच येड." त्याने मान डोलावली. "येडं म्हंजे कामातनं गेल्यालं. मिस्त्री मात्र लई व्यवस्थित मानूस."

आणि माझी सगळी डावी बाजू त्याने हातगाडीवर घालून काशम्माच्या भंगाराच्या दुकानात पाठवली. मित्रांनो, मी ते ऐकत होतो. मिस्त्री काम करताना पुटपुटत, त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. पण इंजिन बंद असलेल्या ट्रॅक्टरला तोंड कुठले? ती रात्र मी कशी काढली ते माझे मला माहीत.

शनिवारी गुरप्पा बारशाच्या घुगऱ्या घेऊन आले, मूठभर हरिदासच्या हातावर ठेवल्या आणि रिकाम्या गोणपाटाकडे बघतच राहिले.

"हरिदासराव, माजं येड कुटं हाय?"

"येडं व्हय? ते गेलं की भंगारात. तुमीच लिवलं हुतं."

"आवं, आमच्या कन्नडात येड म्हंजे डावं! बल म्हंजे उजवं!"

हरिदासच्या हातातल्या घुगऱ्या खाली पडल्या. त्याने चपला घातल्या, फळीवरचा खडू खिशात टाकला आणि म्हणाला, "चूक माजी हाय. मीच हुडकतो."

पुढचे मला गुरप्पांनीच काम करता करता सांगितले. बाकीचे भाग ढिगाच्या वरच मिळाले, पण फोर्क कुठेतरी आत घसरला होता. हाताळून हाताळून त्यावरचा 'येड' पुसला गेला होता. तिथे निरनिराळ्या यंत्रांचे कितीतरी फोर्क पडले होते. हरिदास दुपारभर त्या ढिगात बसला आणि एकेकावर खडू घासत राहिला. बोटे कापली तरी उठला नाही. शेवटी एक आकडा पांढरा झाला. तो तीनवर संपत होता.

काशम्मा कंबर धरून हसली. "सोलापुरात ऱ्हातोस आन् येड म्हाईत न्हाय? मग येडं कोन रं बाबा?"

सोमवारी मी धडधडत गेटाशी आलो. समोर महादेवप्पा, बाजूला भिंतीला टेकून हरिदास. त्याचे डोळे मिटलेले होते. गुरप्पांनी डावा दांडा ओढला, डावा पट्टा थांबला आणि मी वळलो. अगदी डावीकडे, रस्त्याला! त्या क्षणाइतका आनंद मला कुंकवानेही झाला नव्हता. निघण्यापूर्वी हरिदासने माझ्या दांड्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिले, डाव्यावर 'येड' आणि उजव्यावर 'बल'. त्यानंतर तो गुरप्पांना रोज एक कन्नड शब्द विचारू लागला. वैरागचे तळे आम्ही पुरे केले.

आता एकोणऐंशी साल आहे. गुरप्पांना दिसेनासे झाले, ते गावी असतात. हरिदासने टेंभुर्णीला नोकरी धरली. ठेकेदारांकडे नवी यंत्रे आली आणि मी त्याच शेडमध्ये पुन्हा उभा आहे. पट्ट्यांत गवत उगवले आहे. दांड्यांवरचे शब्द वाचून नवे लोक हसतात आणि निघून जातात.

काल एक अनोळखी माणूस आला. त्याने माझ्या पत्र्यावर थाप मारली, खडूने काहीतरी लिहिले आणि एक शब्दही न बोलता गेला. काय लिहिले असेल? मी रात्रभर तोच विचार करतो आहे.

मित्रांनो, तुम्हाला वाचता येते. जरा जवळ या आणि मला मोठ्याने वाचून दाखवा. आणि तो शब्द कसलाही असो, लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ विचारा. मगच हातगाडी बोलवा.