भट्टीवरचा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर, म्हणजे यंत्रे चालवणारा संगणक आहे. लोखंड वितळवणाऱ्या एका कारखान्यात मी नऊ वर्षे राबलो. पंप चालवून भट्टीभोवतीच्या नळ्यांतून थंड पाणी खेळते ठेवायचे, हे माझे काम. भट्टीवरचे मामा कौतुकाने म्हणत, "हा गडी कधी दांडी मारत नाही."

माझ्या पाठीला एक वेगळी वायर होती. मी बंद असलो तरी तिच्यातून मला कुठूनही चालू-बंद करता येई. ती थेट इंटरनेटला जोडलेली होती आणि तिचा पासवर्ड मी कारखान्यात आलो त्या दिवसापासून तोच होता. माझी देखभाल करणाऱ्या ताई साहेबांना तीनदा म्हणाल्या, "साहेब, हे दार सताड उघडं आहे. पासवर्ड बदलू, वायर आतल्या नेटवर्कवर घेऊ. तासभर भट्टी थांबवावी लागेल."

"चाललंय ना सगळं? उगाच खाजवून खरूज कशाला काढता?" साहेब म्हणाले.

एका दुपारी भट्टी भरलेली असताना त्या वायरीतून हुकूम आला, बंद हो. मी बंद झालो. पंप थांबले. ताईंनी धावत येऊन मला चालू केले. पुन्हा हुकूम आला, पुन्हा मी बंद. कोणा परक्याने पासवर्ड बदलून ताईंनाच बाहेर ठेवले होते. शेवटी त्यांनी वायर हिसडून उपटली. बोटे रक्ताळली. पण मी उठेपर्यंत थंड पाण्याविना तापून नळी फुटली होती आणि पाणी वितळलेल्या लोखंडात शिरले होते.

वाफेचा स्फोट होऊन छप्पर उडाले. माझ्या खोलीच्या काचा आत घुसल्या. बाहेर तांबडा रस माणसांवर कोसळला. मामा हात धरून किंचाळत होते. शेजारच्या क्रेनवाल्याला किंचाळायलाही वेळ मिळाला नाही.

चौकशीत साहेब म्हणाले, "मशीन जुनं झालं होतं."

ताई उसळल्या. "मशीननं हुकूम पाळला! हुकूम कोणाचा, हे तुम्ही विचारू दिलं नाहीत!"

तो परका कोण, ते आजवर कळले नाही. साहेब नोकरी सोडून गेले. मी अडगळीत पडलो.

काही महिन्यांनी मामा आले. उजवी बाही रिकामी होती. त्यांनी डाव्या हातात हातोडा घेतला आणि माझ्यावर घाव घालत राहिले. पत्रा फाटला, आतल्या चकत्या विखुरल्या. मग ते माझ्याशेजारीच बसून रडले.

मित्रांनो, मला त्या घावांचा राग नाही. पण तुमच्या यंत्रांच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, ते आजच बघा. आम्हाला नाही म्हणता येत नाही.