चौथी चिठ्ठी

उपचारगटातली चौथी खुर्ची गेले पंधरा दिवस रिकामी होती. आज तिच्यावर जो माणूस येऊन बसला, त्याला पाहून बसड्रायव्हर बाईने आपली खुर्ची जरा मागे ओढली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि या माणसाच्या गळ्यापासून गालांपर्यंत लोकरी मफलर गुंडाळलेला. अशा उन्हात मफलर घालणारा माणूस तिला एकच माहीत होता. डेपोच्या गेटवरचे तपासनीस साहेब. चालकांनी त्यांचं नाव चाळणी ठेवलं होतं. रोज सकाळी ड्यूटीवर निघालेला प्रत्येक चालक त्यांच्यापुढे उभा राहायचा, नळीत फुंकायचा, ते "डोळे दाखवा" म्हणाले की डोळे दाखवायचा. मग वहीत साहेबांची सही पडायची आणि तेव्हा कुठे गाडी हातात यायची. सर्दीची गोळी घेतली म्हणून त्यांनी माणसं परत पाठवली होती. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

साहेबांनीही तिला ओळखलं. त्यांची नजर तिच्यावर एक क्षण टेकली आणि लगेच खिडकीकडे गेली, चटका बसल्यासारखी.

"हे नवे सदस्य," ताई म्हणाली. ताई म्हणजे समुपदेशक. खोलीत वयाने सगळ्यांत लहान तीच, पण पहिल्याच दिवशी सगळे तिला ताई म्हणायला लागले आणि तिनेही ते थोरपण निमूट अंगावर घेतलं. "आधी नेहमीचा प्रश्न. इथलं कुणी कुणाला बाहेरून ओळखतं का? ओळखत असेल तर आत्ताच सांगायचं."

निवृत्त ग्रंथपाल बाईंनी मान हलवली. त्यांची पाठ बारा वर्षं दुखत होती आणि त्या कायम खुर्चीच्या कडेला बसत, कुठल्याही क्षणी उठून जाणार असल्यासारख्या. बेकरीवाला म्हणाला, "मी मलाच नीट ओळखत नाही अजून." त्याचं शरीर धडधाकट होतं, पण बायको गेल्यापासून त्याला सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं, आणि बेकरीवाल्याने सकाळी उठायचंच नाही म्हणजे मग झालंच.

ड्रायव्हर बाई गप्प राहिली. साहेबही गप्प राहिले.

आतल्या दाराआड चार पलंग लावलेले होते. डॉक्टर आणि सिस्टर तिथे तयारी करत होत्या. केटामाइन हे मुळात भूल द्यायचं औषध. पण कशालाच न जुमानणाऱ्या दुखण्यावर आणि उदासीवर ते थोड्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात, एवढं तिला आता माहीत झालं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून चौघांनी शेजारी शेजारी पडायचं, तासाभराने उठायचं, आणि मग याच खुर्च्यांवर बसून बोलायचं. औषधाच्या अमलात माणसं बडबडतात. मागच्या खेपेला बेकरीवाल्याने सगळ्यांची क्षमा मागितली होती, खिडकीच्या पडद्याचीसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी सिग्नलला उभ्या असलेल्या तिच्या गाडीवर बाजूने ट्रक आदळला होता. कुणी दगावलं नाही. तिचा खांदा जुळला, डॉक्टरांनी गाडी चालवायला योग्य असं लिहूनही दिलं, पण डाव्या हाताची आग काही थांबली नाही. हात बरा आहे असं एक्स-रेचे सगळे फोटो सांगायचे. हाताला ते मान्य नव्हतं. दिवसभर गाडी हाकायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं, असं सुरू झालं. नवऱ्याने तिचा चष्मा बदलून पाहिला, उशी बदलून पाहिली. शेवटी नणंदेने डॉक्टर बदलला आणि तिला इथे आणलं. तीन खेपा झाल्या होत्या, तीन उरल्या होत्या. गेल्या आठवड्यात तिने कित्येक महिन्यांनी डाव्या हाताने वेणी घातली होती.

पण डेपोत तिने हे कळवलं नव्हतं. मनावरचं किंवा गुंगीचं औषध घेणाऱ्याने लेखी कळवायचं, आणि वैद्यकीय समिती बसेपर्यंत गाडीवरून खाली उतरायचं, असा तिथला नियम. तिच्या बरोबरच्या एका चालकाने घाबरेपणावरच्या गोळ्या चालू केल्या आणि भाबडेपणाने कळवलं. आठ महिने झाले, तो हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत छत्र्यांची राखण करत होता. समिती काही बसत नव्हती. तिला छत्र्या राखायच्या नव्हत्या. साठ माणसं पाठीशी घेऊन तिठ्यावर गाडी वळवताना जे वाटायचं, ते तिला दुसरं काही करताना कधी वाटलंच नव्हतं.

"थोडं सांगा तुमच्याबद्दल," ताई साहेबांना म्हणाली.

साहेब बोलले ते ओठ फारसे न हलवता. "चेहऱ्याची नस आहे. वारा लागला तरी वीज गेल्यासारखं होतं. दाढी करता येत नाही, चावता येत नाही. ऑपरेशन एकदा झालं. वर्षभर बरं होतं." ते थांबले. "लोक म्हणतात, हसत नाही. हसलं की दुखतं."

ड्रायव्हर बाईने मान खाली घातली. साहेब हसले तर डेपो बंद ठेवावा लागेल, हा विनोद तिचाच होता. गेल्या वर्षभरात तो सगळीकडे फिरून तिच्याकडे परतसुद्धा आला होता.

"घरातल्या गोळ्या मी बहिणीकडे देऊन ठेवल्यात," साहेब म्हणाले. "सगळ्या. डॉक्टरांना तसं सांगितलंय." ग्रंथपाल बाईंनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला, मग सगळे उपाशीतापाशी औषधासाठी थांबलेत हे आठवून परत ओढून घेतला.

ताईने चार सारखे कागद आणि चार सारख्या पेन्सिली वाटल्या. "नवे सदस्य गटात चालतील का? हो किंवा नाही. नाव लिहायचं नाही. एक जरी नाही निघालं तर प्रवेश नाही, आणि कारणही विचारणार नाही. डोळे बांधून शेजारी पडायचंय, तेव्हा प्रत्येकाला निर्धास्त वाटलं पाहिजे. नव्या सदस्यानेही लिहायचं, त्यांनाही आपण चालायला हवेत."

"आणि नाही आलं तर यांचं काय?" बेकरीवाल्याने विचारलं.

"पुढच्या गटात. साधारण चार महिन्यांनी."

ड्रायव्हर बाईने पेन्सिल कागदावर टेकवली. दोन अक्षरं लिहिली की चार महिने निर्धास्त. तिच्या मनात जे होतं ते छत्र्यांपेक्षा वाईट होतं. दुसऱ्या खेपेनंतर, दुसऱ्या दिवशी, जेव्हा चाकाला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेव्हा सकाळी डेपोतून फोन आला होता. बदली चालक आला नाही, रजा रद्द, या. आणि ती गेली होती. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. पाचव्या थांब्यावर तिला ब्रेक उशिरा आठवला. गाडी थांब्याच्या पुढे वीस पावलं जाऊन उभी राहिली आणि एक म्हातारे गृहस्थ तिला शिव्या देत मागून चालत आले. बस, एवढंच झालं होतं. पण तेव्हापासून ती वीस पावलं तिच्या छातीत होती, आणि डोळ्यांवर पट्टी असताना ती तोंडातून बाहेर पडली, तर शेजारच्या पलंगावर चाळणी.

मग तिला बहिणीकडे ठेवलेल्या गोळ्या आठवल्या. चार महिने. तिने चटकन 'हो' लिहिलं, विचार बदलायच्या आत घडी घातली आणि वाडग्यात टाकली. टाकल्यावर तिला स्वतःचं बरंच कौतुक वाटलं. ते पुढे अर्धं मिनिटभर टिकलं.

ताईने चिठ्ठ्या उघडल्या. "हो. हो. हो." चौथी तिने जरा जास्त वेळ हातात धरली. "नाही."

"माझं हो होतं," बेकरीवाला म्हणाला.

"सांगायचं नसतं," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. मग त्यांनाच राहवलं नाही. "माझंही हो होतं."

दोघांचीही नजर ड्रायव्हर बाईवर आली. त्या नजरेत दोष नव्हता, आणि म्हणूनच ती सहन होईना. साहेब तर केव्हाच उठले होते. त्यांनी पिशवी उचलली, ताईला नमस्कार केला. "ठीक आहे. चार महिन्यांनी बघू," म्हणाले, आणि दाराकडे निघाले. पाठीमागून पाहिलं तर तो माणूस गेटवरच्या साहेबांपेक्षा बराच लहान दिसत होता.

यांनीच नाही लिहिलं, हे तिला कळलं. का लिहिलं तेही कळलं, आणि तिचं 'हो' एकदम फुकटचं वाटायला लागलं.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "ताई, मी मघाशी खोटं बोलले. गप्प बसले, पण ते खोटंच. मी यांना ओळखते. मी यांच्या डेपोत गाडी चालवते."

साहेब दारातच थांबले. वळले नाहीत. "बाई, बसा खाली. मी काही ऐकलेलं नाही."

"ऐकलंत."

"तुम्हाला समजत नाहीये." आता ते वळले. आवाज तोच, गेटवरचा. "मी इथे बसलो तर मला कळणार. कळलं की लिहावं लागणार, ती माझी नोकरीच आहे. आत्ता निघालो तर मला काहीच माहीत नाही. मी चाललोय, तर जाऊ द्या ना."

"म्हणजे माझ्यासाठी तुम्ही चार महिने तसेच काढणार?"

"तुमच्यासाठी नाही. मला खोटी सही करता येत नाही म्हणून."

"अहो, मग मघाशी तुम्हीही गप्पच बसलात की," बेकरीवाला म्हणाला. एका गालावरून काहीतरी सर्रकन गेल्यासारखा साहेबांचा चेहरा आक्रसला. त्यांनी दाराची चौकट धरली आणि ती कळ जाईपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. सगळे वाट पाहत राहिले. या खोलीत सगळ्यांनाच कळेची वाट पाहता येत होती.

ड्रायव्हर बाईने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मग पूर्ण ऐका. मी कळवलेलं नाही ते नाहीच. पण दुसऱ्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवलीय. चालवायची नव्हती. डॉक्टरांनाही सांगितलं नाही. थांबा चुकला. वीस पावलं."

ताईचा चेहरा बदलला. ग्रंथपाल बाई हळूच "अगं बाई" म्हणाल्या.

"साठ माणसं असतात मागे," साहेब म्हणाले.

"त्रेसष्ट होती. मोजलीत मी, रोज मोजते रात्री."

"तारीख?"

तिने सांगितली. सोमवार होता, पहिली फेरी. बोलताना तिला वाटलं, झालं, आता गाडी गेली, आणि छत्र्यासुद्धा मिळतील की नाही कोण जाणे. डेपोतल्या तारखा साहेबांच्या डोक्यात वहीसारख्या ओळीने असत. ते ती ओळ शोधत होते आणि ती सापडलेली त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. ते परत आले आणि खुर्चीवर बसले.

"त्या दिवशी गेटवर मी होतो," ते म्हणाले.

"हो. मी तुमच्यासमोर उभी होते. तुम्ही डोळे दाखवा म्हणालात."

"म्हणालो असेन. सवय आहे." त्यांनी पिशवी पायाशी ठेवली. "पाहिले नाहीत. त्या सकाळी मला समोरचं माणूस दिसत नव्हतं, इतकं दुखत होतं. रजा टाकायला हवी होती. टाकली असती तर कारण द्यावं लागलं असतं. एकोणतीस सह्या केल्या मी. एकाचेही डोळे पाहिले नाहीत."

आतल्या दारातून सिस्टरने डोकं काढलं, "आधी कोण येतंय?" असं विचारलं, खोलीकडे एकवार पाहिलं आणि डोकं परत आत घेतलं.

"आज तुम्हा दोघांना औषध नाही," ताई म्हणाली. "डॉक्टरांशी मी बोलते. तुमची खेप पुढे जाईल, बाई, बंद होणार नाही. आणि साहेब, तुम्हाला चार महिने थांबवायचं की नाही ते आज ठरत नाही. तुम्ही घरी एकटे जायचं नाही, बहिणीला बोलवा. बाकी दोघं आत चला."

"मला तर आता औषधाशिवायच गरगरतंय," बेकरीवाला म्हणाला, आणि ग्रंथपाल बाईंना हात देऊन आत घेऊन गेला. ताईही त्यांच्या मागोमाग गेली.

खोलीत दोघंच उरली. चिठ्ठ्यांचे उरलेले कागद टेबलावर होते. साहेबांनी त्यातला एक ओढला, वर 'प्रति, आगार व्यवस्थापक' लिहिलं, मग तो बाजूला ठेवून तिच्याकडे दुसरा सरकवला.

"तुमचं आधी लिहा. माझं पाहून तुम्ही लिहिलंत, असं वाटायला नको कुणाला."

"काय लिहू?"

"जसं घडलं तसं. उपचार कधीपासून, ती खरी तारीख टाका. आणि त्या सोमवारचं वेगळं लिहा, खाली दडपू नका." ते थांबले. "रजा रद्द केल्याचा फोन कुणी केला, तेही लिहा. ते तुम्ही विसराल."

ती लिहायला लागली. डाव्या हाताने कागद दाबून धरला, तशी मनगटापर्यंत आग पसरली. तिने हात काढला नाही. दोन ओळींनंतर ती थबकली.

"समिती बसेल का हो, साहेब?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. "आता मीही तिच्यापुढेच असेन." आणि त्यांनी आपला कागद पुढ्यात घेतला.